चौदाव्या दिवसाचं वेळापत्रक

मी आयुष्यभर बसची वेळापत्रकं केली. म्हैसूरच्या डेपोत एका लांबट टेबलाशी बसून, पट्टी आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन, हुणसूर आणि बन्नूर या बाजूच्या गाड्या किती वाजता सुटतील नि किती वाजता पोचतील हे मी ठरवायचो. गाड्या आपापल्या मर्जीनं सुटायच्या आणि मर्जीनं पोचायच्या, तो भाग वेगळा. माझ्या कागदावर त्या वेळेवर असत. आमचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते असं घरात सांगतात. त्यांचे घोडे लढाईला वेळेवर पोचायचे की लढाई संपल्यावर, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. माझ्याकडे बघून मला तरी दुसरी शक्यता जास्त वाटते.

डेपोतल्या माझ्या चुका प्रवाशांनी उभ्या उभ्या, शिव्या देत का होईना, माफ केल्या. मी सांगतोय ती चूक घरातली. ती मी दर महिन्याला, न चुकता, चार वर्षं केली.

लग्न झालं तेव्हापासून आम्हाला मूल हवं होतं. मला हवं होतं, आईला हवं होतं, पण खरं हवं होतं ते माझ्या बायकोला. ती मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींच्या वेण्या आणि रंगानं माखलेले हात बघून घरी यायची. आमच्या घरी तेव्हा पाळीचे तीन दिवस बाजूला बसायची पद्धत होती. महिन्याच्या महिन्याला ती कोपऱ्यातली गुंडाळलेली चटई उचलून मागच्या खोलीत जायची, आणि जाताना माझ्याकडे बघायची नाही. एरवी माझी टिंगल करायची एकही संधी न सोडणारी बाई तेवढ्या वेळापुरती गप्प असायची. ते मला फार लागायचं.

मग मी या प्रश्नात लक्ष घालायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

बस स्टँडबाहेर फुटपाथवर नवविवाहितांसाठी म्हणून एक पातळसं कानडी पुस्तक मिळालं. आतला कागद एवढा पातळ की पुढच्या पानावरचं ज्ञान मागच्या पानावरच दिसायचं. त्यात लिहिलं होतं की पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतं आणि गर्भ राहायचा तो त्याच सुमारास राहतो. बस! मला आणखी काय पाहिजे होतं? सुटायची वेळ छापील मिळाली. मी पुस्तक मिटलं. पुढच्या पानावर काय होतं ते आजतागायत मला माहीत नाही.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर मी दर महिन्याला चौदावा दिवस मोजून खूण करू लागलो. आई रोज सकाळी तिथी बघायची, त्यामुळे खूण सांकेतिक हवी. मी त्या चौकोनात 'हुणसूर' असं लिहायचो. बघणाऱ्याला वाटावं की त्या दिवशी माझी हुणसूर मार्गाच्या तपासणीची ड्यूटी आहे. त्या दिवशी मी डेपोतून लवकर निघायचो, केसांना तेल लावायचो आणि उगाचच शीळ घालायचो.

"आज हुणसूर वाटतं," बायको म्हणायची. "गाडीत जागा आहे का नुसतीच गडबड?"

एकदा हा चौदावा दिवस रविवारी आला. पहाटे पाचला आईनं मला हलवून उठवलं. हातात डबा.

"ऊठ रे मगा, ऊठ बाळा, गाडी चुकेल."

"कसली गाडी? आज रविवार आहे."

"अय्यो, तूच लिहिलंयस की कॅलेंडरवर. हुणसूर! चपात्या केल्यात, चटणी आहे. आणि हे दोन नारळ व्याह्यांना दे, जातोच आहेस तर."

हे सांगायचं राहिलं, माझी सासुरवाडी हुणसूरची. बायको दारात कॉफीचा पेला धरून उभी होती, पदराचं टोक दातात. मी तिच्याकडे मदतीच्या आशेनं बघितलं.

"जावा की," ती म्हणाली. "ड्यूटी म्हणजे ड्यूटी."

खरं सांगायची हिंमत नव्हती. मी डबा घेतला, नारळ घेतले आणि मीच आखलेल्या वेळापत्रकातल्या गाडीत बसून दीड तासात हुणसूरला पोचलो. जावई रविवारी सकाळी एकटाच, हातात डबा घेऊन दारात उभा, म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"एकटेच आलात? भांडण झालं काय?"

"छे, छे. नारळ द्यायला आलो."

"नारळ? हुणसुरात नारळ मिळत नाहीत?"

आत सासूबाईंनी रडायला सुरुवात केली होती. त्यांना धीर देण्यात दुपार गेली, मुलीनं घर सोडलेलं नाही याची खात्री पटवण्यात संध्याकाळ गेली, आणि शेवटची गाडी भरून गेल्यामुळे मुक्काम पडला. त्या महिन्याचा चौदावा दिवस मी सासऱ्यांच्या घोरण्याशेजारी काढला.

अशी चार वर्षं गेल्यावर बायकोच म्हणाली, "आता डॉक्टरकडे जाऊ." मी म्हटलं, जाऊ, माझ्याकडे सगळ्या नोंदी तयार आहेत. मी तिच्या पाळीच्या तारखा एका वहीत लिहून ठेवत होतो. दोन पाळ्यांमधले दिवस, त्यांची सरासरी, वर्षवार तक्ता. तक्ते करायची मला सवय होती, आणि खरं सांगायचं तर वहीचा मला अभिमान होता.

मंडी मोहल्ल्यात एका धान्याच्या दुकानावर माडीवर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. जिना चढताना धन्याचा आणि गुळाचा वास यायचा. साठीच्या बाई, आमच्यातल्याच जुन्या म्हैसूरच्या मराठी घरातल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"पेशंट कोण?" त्यांनी विचारलं.

"ही."

"मग फाइल तुमच्या काखेत कशाला?"

मी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "हे प्रत्येक महिन्याला हुणसूर काय आहे?"

"तो चौदावा दिवस, डॉक्टर. सोयीसाठी तसं लिहितो."

"दर महिन्याचा चौदावाच?"

"एकदाही चुकवला नाही," मी छाती काढून म्हणालो. मग नारळ आठवले. "एकदा सोडून."

बाई माझ्या बायकोकडे वळल्या. "तुझी पाळी किती दिवसांनी येते गं?"

"छत्तीस, अडतीस. मार्चमध्ये परीक्षेचं काम असलं की चाळीसच्याही पुढे जाते. लहानपणापासून तसंच आहे."

"हं. आणि हे सत्तेचाळीस? दर दसऱ्याला? हे गौरीच्या महिन्यात पन्नास?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. "सणासुदीला वाढतं असं माझं निरीक्षण आहे," मी म्हणालो. "गोडाधोडाचा परिणाम असावा."

बायकोनं मान खाली घातली. "गोळ्या," ती हळूच म्हणाली.

"कसल्या गोळ्या?" मी विचारलं.

"तुम्ही आणता त्या."

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. मग हळूहळू, स्टँडात शिरणाऱ्या गाडीसारखं, कळत गेलं. दर सणाच्या आधी आई मला एक चिठ्ठी द्यायची. "माझ्या पित्ताच्या गोळ्या आण." मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचो, दुकानदार चिठ्ठी वाचायचा, माझ्याकडे एकदा बघायचा आणि पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. सणाच्या कामांनी आईचं पित्त वाढतं, असं मी समजत होतो. त्या गोळ्या होत्या पाळी पुढे ढकलायच्या. सुनेची पाळी सणात यायला नको, ती बाजूला बसली तर पूजेला हात कोण लावणार, म्हणून.

"मला सांगायचं नाही?" मी बायकोला म्हटलं.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे! स्वतःच तर आणून देता!"

आता सांगायलाच हवं होतं. "डॉक्टर," मी म्हणालो, "गेल्या दसऱ्याला पुरणाची होळिगे जास्त झाली म्हणून त्या गोळ्यांतली एक मी खाल्ली होती."

"मग?"

"पित्त उतरलं."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. बराच वेळ त्या टेबलावर कपाळ टेकून हसत होत्या, आणि माझी बायकोही. चार वर्षांत त्या विषयावर ती हसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे मलाही बरं वाटलं. शेवटी डोळे पुसून बाईंनी विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

मी सांगितलं.

त्या एकदम ताठ बसल्या. "बन्नूरची संध्याकाळची गाडी तुमची? मी दर बुधवारी तिथे पेशंट बघायला जाते. एक दिवस ती गाडी वेळेवर आली असेल तर शपथ!"

"त्याला कारण आहे," मी घाईघाईनं म्हणालो. "रस्त्यात उशीर होत नाही. बन्नूरहून एकदा निघाली की पन्नास मिनिटांत म्हैसूर. रोज तेवढीच. पण ती निघतच नाही. बाजाराच्या दिवशी माणसं, पोती, कोंबड्या, सगळं भरेपर्यंत ड्रायव्हर हलत नाही. मी सुरुवातीला वर्षभर रस्त्याचा वेळ वाढवत बसलो होतो, मग कळलं की उशीर सगळा सुटायच्या आधीचा आहे."

बाईंनी वही पुन्हा जवळ ओढली. "हे तुम्हाला कळलं?"

"हो."

"आणि घरी नाही कळलं?"

मग त्यांनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर, माझ्याच लाल-निळ्या पेन्सिलीनं मला शिकवलं. पाळी आली की नवं बीज वाढायला लागतं. मेंदूच्या खाली एक वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, ती हार्मोन पाठवून त्याला वाढवते. बीज वाढतं तसं त्याच्या भोवतालची पिशवी स्वतःचं एक हार्मोन तयार करते, इस्ट्रोजेन. ते पुरेसं भरलं की वरून शिट्टी वाजते आणि बीज बाहेर पडतं. "ही तुमची बन्नूरहून सुटलेली गाडी," त्या म्हणाल्या. "भरायला कुणाला चौदा दिवस लागतात, हिला बावीस-चोवीस. आजारपण, दगदग, परीक्षेचे पेपर, कशानंही लांबतं. पण एकदा सुटली की पुढचा रस्ता ठरलेला. ती रिकामी पिशवी दुसरं हार्मोन देते, प्रोजेस्टेरॉन. ते साधारण दोन आठवडे पुरतं, एखादा दिवस इकडेतिकडे. तोपर्यंत गर्भाशयाचं अस्तर तयार राहतं. बीज फळलं नाही की ते हार्मोन उतरतं आणि पाळी येते. आता सांगा, पाळी अडतीसाव्या दिवशी आली तर गाडी सुटली कधी?"

मी मागे मोजलं. "चोवीस."

"आणि तुम्ही स्टँडवर कधी?"

"चौदा," मी म्हणालो.

"हो. दहा दिवस आधी जाऊन, तेल लावून उभे."

गोळ्यांचंही त्यांनी सांगितलं. त्यात त्या दुसऱ्या हार्मोनसारखंच औषध असतं. खात राहिलं की अस्तर टिकतं, थांबवलं की दोन-तीन दिवसांत पाळी. माझी आई स्वतःच्या हिशोबानं अठ्ठावीस दिवस धरून बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापासूनच सुनेला गोळ्या चालू करायची. म्हणजे गाडी भरत आलेली असताना. मेंदूला वाटायचं की गाडी सुटून गेलीसुद्धा. मग तो शिट्टी कशाला वाजवतोय? "डॉक्टरला विचारून कधी एखादवेळी घेणं वेगळं," बाई म्हणाल्या. "मूल हवंय आणि सणासणाला हे खायचं, हे चालायचं नाही. बंद."

जिना उतरल्यावर, धान्याच्या पोत्यांमध्ये उभी राहून, बायकोनं हात पुढे केला. "वही."

"कशाला?"

"आता हे खातं माझ्याकडे. तुम्ही बन्नूर बघा."

आम्ही थर्मामीटर घेतला. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तिनं ताप बघायचा. बीज बाहेर पडून गेलं की अंगाची ऊब किंचित वाढते आणि पाळीपर्यंत तशीच राहते. ती ऊब मागाहून कळते, पुढचं सांगत नाही. पण तीन-चार महिन्यांचा आलेख काढला की अंदाज येतो, आणि दुसऱ्या काही खुणा शरीर आधी देतं, त्या बाईंनी तिला कानात सांगितल्या. मला सांगितल्या नाहीत. "यांना सांगितलं तर कॅलेंडरवर लिहितील," असं त्या म्हणाल्याचं मला मागून कळलं.

आलेख ती सुंदर काढायची. चित्रकलेचीच बाई ती. तुलनेसाठी म्हणून मी माझाही ताप घेऊन आलेख काढायला सुरुवात केली. तो म्हैसूर-बन्नूर रस्त्यासारखा सपाट निघाला. "तुमची गाडी गॅरेजमध्ये आहे," ती म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात थर्मामीटर झटकताना मी तो पलंगाच्या कडेवर आपटला आणि लाल फरशीवर पाऱ्याचे मणी धावले. ते पोस्टकार्डानं गोळा करत मी पलंगाखाली रांगत होतो, तेवढ्यात आई दारात आली. सुनेच्या उशाशी थर्मामीटरची डबी, मुलगा जमिनीवर. तिनं निष्कर्ष काढला की सुनेला बारीक ताप येतोय. त्या दिवसापासून रोज सकाळी मिऱ्यांचा काढा. बायको तो मुकाट्यानं घ्यायची आणि आईची पाठ वळली की माझ्या पेल्यात ओतायची. त्या वर्षी मला एकदाही सर्दी झाली नाही.

दुसरा थर्मामीटर आणला, आणि आलेखांनी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं खरं केलं. ऊब चढायची कधी बाविसाव्या दिवशी, कधी पंचविसाव्या. पण चढल्यापासून पाळीपर्यंत तेरा-चौदा दिवस, त्यापलीकडे नाही. मी ते कागद समोर मांडून बसलो आणि मला माझी ती चार वर्षांची शीळ आठवली.

मग पितृपक्ष आला. आमच्या घरी त्या पंधरवड्यात नवं काही करत नाहीत. नवं कापड नाही, नवी वस्तू नाही, केससुद्धा कापायचे नाहीत. आणि नेमकं त्याच आठवड्यात बायकोनं एका संध्याकाळी कॉफी देताना सहज म्हणावं तसं म्हटलं, "गाडी भरत आलीय."

"पण पितृपक्ष आहे," मी म्हणालो.

"मग पूर्वजांना विचारा, आम्ही थांबू का म्हणून. त्यांनाच वंश हवाय ना?"

पूर्वजांनी काही हरकत घेतली नाही.

पाळी यायची तारीख आता तोंडपाठ होती: नवरात्राचा चौथा दिवस. आणि नवरात्राच्या तीन दिवस आधी आईनं चिठ्ठी पुढे केली. "पित्ताच्या गोळ्या आण रे. या वेळी उशीरच झाला सांगायला."

म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी बाहुल्या मांडतात, तशा आमच्याकडेही. पायऱ्यापायऱ्यांवर राजा-राणी, देव, शिपाई, वाणी, हत्ती. आमच्या घरची रीत अशी की जी बाई पहिल्या दिवशी राजा-राणी बसवेल तिनंच दहाही दिवस आरती करायची. मधे हात बदलायचा नाही. आईचे गुडघे गेल्यापासून तो मान सुनेचा होता, म्हणूनच त्या गोळ्या. आई पेटीतून बाहुल्या काढून मऊ फडक्यानं पुसत बसली होती.

"आई, या गोळ्या मी आणणार नाही," मी म्हणालो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी तिला पहिल्यांदा नाही म्हणत होतो, आणि तेही उभ्यानं, कारण पळायला सोपं.

"पित्त माझं, आणि नको म्हणणारा तू कोण?"

"त्या पित्ताच्या नाहीत. मला कळलंय."

फडकं थांबलं. "पुरुषांनी यात पडू नये. सुम्नं जा."

गप्प जायला सांगितल्यावर मी खरं तर गेलो असतो. पण दाराआड बायकोच्या बांगड्या वाजल्या. मी खाली बसलो, पुसलेला राजा उचलला आणि म्हटलं, "आई, हा मेंदू." राणी ठेवली, हे बीज. हत्ती म्हणजे पहिलं हार्मोन, हळूहळू मोठं होणारं. द्वारपालाच्या हातात शिट्टी आहे असं समज. आईला मी सगळं सांगितलं, बन्नूरसकट. माझे कान इतके तापले होते की त्या दिवशी थर्मामीटर लावला असता तर आलेख कागदाबाहेर गेला असता. आई माझ्याकडे न बघता द्वारपालाकडे बघत ऐकत होती.

"म्हणजे शिट्टी मीच थांबवत होते," शेवटी ती म्हणाली. "चार वर्षं. माझ्या हातानं."

तिचा तो आवाज मला ऐकवेना. "तू वर्षातून दोन-तीनदा चुकलीस," मी म्हणालो. "मी दर महिन्याला चुकलो. तुझ्यापेक्षा मी पुष्कळ पुढे आहे."

तिनं चिठ्ठी उचलली, चार तुकडे केले आणि पदरानं नाक पुसलं. मग एकदम नेहमीच्या आवाजात: "ते ठीक. पण चौथ्या दिवशी ती बाजूला बसली तर? राजा-राणी कोण बसवणार?"

"मी," मी म्हणून गेलो.

आमच्या घराच्या इतिहासात पुरुषानं मांडलेल्या त्या एकमेव बाहुल्या. मी त्या डेपोच्या पद्धतीनं मांडल्या, उंचीच्या क्रमानं, मधे सारखं अंतर. राणी राजाच्या चुकीच्या बाजूला बसली. शिपायांची तोंडं आत झाली, त्यामुळे आमच्या पूर्वजांची फौज महाराजांवरच चालून आल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी गल्लीतल्या बायका आणि मुली गाणी म्हणायला आल्या, आणि आरतीचं तबक माझ्या हातात बघून त्यांना गाणं सुचेना. एक म्हातारी म्हणाली, "पुढच्या वर्षी याला साडी द्या." आई म्हणाली, "रंग कोणता शोभेल बघा तुम्हीच." इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

चौथा दिवस उजाडला. चटई कोपऱ्यात गुंडाळलेली. मी पलंगाच्या या बाजूनं थर्मामीटरकडे मान लांबवली.

"बघू नका," बायको म्हणाली. "कॉफी आणा."

पाचवा दिवस. सहावा. आलेखाची रेघ वरच होती. आम्ही दोघंही त्याबद्दल काही बोलत नव्हतो; बोललं तर ती खाली येईल अशी भीती. बायको शिपायांची तोंडं सरळ करायला सुद्धा पुढे येईना. हात लावला आणि चटई उचलावी लागली तर? सातव्या दिवशी आई फुलं निवडता निवडता माझ्या जवळ सरकली, चटईकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "बस कुठे आहे रे?"

"बन्नूरहून केव्हाच निघालीय. अजून पोचली नाही."

"नको पोचू दे," आई म्हणाली. म्हैसूरच्या बसबद्दल अशी इच्छा कुणी केल्याचं माझ्या नोकरीत तेवढं एकदाच ऐकलं.

विजयादशमीला गाव मिरवणूक बघायला गेलं. आम्ही घरीच होतो. ऊब वाढून विसावा दिवस झाला होता. बायकोनं सकाळी थर्मामीटर बघितला, डबीत ठेवला, आणि रडत रडत हसू लागली; मला कुठल्या बाजूनं सामील व्हावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. संध्याकाळच्या आरतीला मी तबक उचललं तर आईनं ते माझ्या हातातून काढून सुनेला दिलं. "रीत राहू दे. आज तू कर," ती म्हणाली. "आणि आधी ती राणी हलव, नऊ दिवस चुकीच्या बाजूला बसून तिचं अंग दुखलं असेल."

आठवड्याभरानं तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर बाळंतपणाची अंदाजे तारीख लिहून दिली, जूनच्या मध्याची.

इथे गोष्ट संपली असती तर माझी थोडी तरी इज्जत राहिली असती. पण मला एका दिनदर्शिकेच्या मागे छापलेला तक्ता सापडला: शेवटच्या पाळीची तारीख बघा, समोर बाळंतपणाची तारीख वाचा. त्यात तारीख दहा दिवस अलीकडची निघत होती. छापील कागद समोर आला की माझी बुद्धी गहाण पडते. मी तक्त्यावर विश्वास ठेवला. जूनच्या पहिल्या आठवड्यात रजा टाकली, सासू-सासऱ्यांना हुणसूरहून बोलावून घेतलं, ओळखीच्या माणसाची गाडी दारात उभी करून ठेवली. सगळे जण एका खोलीत बसून बायकोच्या तोंडाकडे बघायचे. ती आंबा खात चित्रं काढत होती. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. गाडीवाला आपली गाडी घेऊन गेला. मी घाबरून मंडी मोहल्ल्यात धावलो. "डॉक्टर, सहा दिवस उशीर झालाय!"

त्यांनी कार्ड बघितलं, मग मी नेलेला तक्ता. "हा चौदाव्या दिवशी गाडी सुटणाऱ्यांचा तक्ता आहे," त्या म्हणाल्या. "तुमची चोविसाव्याला सुटली होती. पुन्हा स्टँडवर दहा दिवस आधी?"

माझी रजा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी डेपोत बन्नूरची नवी वेळ आखत असताना, मुलगी झाली. बाईंनी लिहिलेल्या तारखेला, एका दिवसाचाही फरक नाही. मी धावत पोचलो तेव्हा आई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि बायको मला बघून हसत होती, तशीच, पदराचं टोक दातात धरून.

"उशीर केलात," ती म्हणाली.

आईनं नातीवरची नजर न काढता म्हटलं, "घरी गेलास की आधी ते कॅलेंडर उतरव. आणि हुणसूर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. त्या रविवारी मात्र खरंच नव्हतं. नाहीतर नारळ मी सोमवारी दिले असते."